पाठ

परदेशात शिकलेला माझा पहिला शब्द: प्लेत्सी.
पोलिश भाषेत पाठ.
मागून कुणी अंगावर येत असलं की ओरडतात.
दूध, पाव, आभारी आहे, हे सगळं नंतर.
प्लेत्सी मात्र पहिल्याच आठवड्यात पाठ झाला,
बरगडीत कोपर बसल्यावर.

बावीस वर्षांचा होतो. मिएलेत्समधला नोव्हेंबर,
मैदान म्हणजे नांगरून सोडलेलं रान,
आणि त्याच्या मधोमध मी.
चेंडू घ्यायचा, मान वळवायची, देऊन टाकायचा.
टाळ्या पडतात त्या दोन पासांनंतर,
तोवर माझं नाव कुणाच्या तोंडी राहत नाही.

बाबा ओकची साल काढायचे,
बाटल्यांची बुचं होतात ती, सान विसेंतेच्या रानात.
एका झाडाची पाळी नऊ वर्षांनी.
कुऱ्हाड तिरकी, मनगट सैल.
सालीखालच्या थराला आमच्याकडे आई म्हणतात.
आईला घाव बसला
तर त्या जागी पुन्हा चांगली साल धरत नाही.
सोललेल्या लालभडक खोडावर शेवटी
पांढऱ्या रंगाने वर्षाचा आकडा, एकच, शेवटचा.
अठराव्या वर्षी मी रंगाचा डबा धरला होता.
बाबांनी सहा काढला.
पुढच्या सोलणीला येशील ना, असं त्यांनी विचारलं नाही,
आणि मीही काही बोललो नाही.

सायप्रसला पाठ म्हणजे प्लाती.
पारालिम्नीत चार महिने पगार नव्हता;
खजिनदार पांदेलिस बटाट्यांची दोन पोती घेऊन दारात उभा,
लाल मातीचे, म्हणाला, असे तुला माद्रिदमध्ये मिळायचे नाहीत.
मी माद्रिद दोनदाच पाहिलंय, दोन्ही वेळा विमानतळ.
बाबा एकदाच सामना बघायला आले, ते तिथे.
लग्नातला कोट घालून, उन्हात.
रात्री उकडलेला बटाटा सोलता सोलता म्हणाले,
"चेंडू यायच्या आधी तू मागे फार बघतोस."
म्हटलं, "बाबा, तेच तर माझं काम."
"हो, पण फार बघतोस."

आक्तोबेला स्पिना.
प्लास्टिकचं गवत, गुडघ्यात वाळू भरल्यासारखं दुखणं,
बाहेरच्या सामन्याला जाताना घड्याळ बदलायचं.
नेरेआ तिथेच बोलायला लागली.
झोपताना पालथी व्हायची आणि म्हणायची, स्पिना.
म्हणजे खाजव.
त्या उन्हाळ्यात गावाकडे पंधराचा पाच रंगवला गेला.
रोसिओने फोनवर फोटो दाखवला,
मी जिममध्ये होतो, नीट बघितला नाही.

चौदा वर्षांत गोल अकरा.
त्यातले तीन दुसऱ्याच्या पायाला लागून आत गेलेले,
ते मी सोडत नाही.

केमीला सेल्का.
आता ओरडणारा मी होतो, छत्तीस वर्षांचा,
आणि चेंडूवर एलिएल, अठरा वर्षांचा, मान न वळवणारा.
रात्री अकराला ऊन, कडेला डासांचा ढग,
त्याच्यावर पिवळ्या टोपीएवढ्या डोक्याचा स्टॉपर चालून येतोय,
आणि माझ्या तोंडातून निघालं प्लेत्सी.
मग प्लाती. मग स्पिना.
तो पडला, उठला, माझ्याकडे बघून हसला:
"म्हातारबा, फिनिशमध्ये बोला."

बाबा मार्चमध्ये गेले. सामने सुरू व्हायचे होते, मी तीन दिवस राहिलो.

करार संपल्यावर ऑक्टोबरात रानात गेलो.
खोडांवर चार. नवा रंग, धड वाळलेला.
बाबांचा चार वरून उघडा असायचा, खुर्ची उलटी ठेवल्यासारखा.
हा बंद. कुणा दुसऱ्याच्या हातचा.
मी डबा शोधल्यासारखा इकडेतिकडे बघितलं,
मग त्याच झाडाला टेकून बसलो.
सोललेलं खोड गार असतं, शर्टातूनही कळतं.

खिशात फोन वाजला. एलिएल.
रोमानियाहून विचारणा आहे, दोन वर्षांची, जाऊ का?

अजून उत्तर दिलेलं नाही.
रोमानियनमध्ये पाठीला काय म्हणतात,
तेवढं आधी कुणाला तरी विचारायचंय.